लॅनो देल रिओ भांडणांनी बुडालं की पाण्याने?

प्रश्न असा आलाय की लॉस एंजेलिसहून पामडेलला जाऊन पुढे हायवे १३८ ने पूर्वेकडे निघालं की पेअरब्लॉसम मागे पडल्यावर रस्त्याकडेला दगडगोट्यांचे खांब आणि दोन मोठी धुरांडी उभी दिसतात, ती लॅनो देल रिओ नावाच्या १९१४ च्या समाजवादी वसाहतीची आहेत, आणि वाचावं तिथे एकच लिहिलेलं असतं की लोक आपसात भांडले म्हणून चार वर्षांत सगळं संपलं. हे खरं का? आणि वाळवंटातल्या वस्त्या एवढ्या पटकन वाढतात आणि तेवढ्याच पटकन ओस कशा पडतात?

मी सिंचन आणि भूजलाच्या कामात आयुष्य घालवलंय, त्यातली बरीच वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात, आणि अँटिलोप व्हॅली म्हणजे ज्या खोऱ्यात हे गाव होतं तो भाग माझ्या कामातलाच. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. भांडणं झाली, भरपूर झाली, पण भांडणांनी गाव बुडालं हे मला पटत नाही. गावाचा पैसा नवीन माणसं येण्यावर चालत होता, आणि आलेल्या प्रत्येक माणसामागे पाण्याची गरज वाढत होती, पण पाणी मात्र होतं तेवढंच राहिलं. हा मेळ कागदावरसुद्धा बसत नव्हता. भांडणं त्यातूनच पेटली असं माझं मत आहे.

आता हे उभं कोणी केलं ते थोडक्यात, कारण माणूस समजल्याशिवाय घाई समजत नाही. जॉब हॅरिमन हे लॉस एंजेलिसमधले वकील, समाजवादी पक्षाचे मोठे नेते. १९०० साली यूजीन डेब्स राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते तेव्हा हॅरिमन उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. १९११ मधे ते लॉस एंजेलिसच्या महापौरपदाला उभे राहिले आणि पहिल्या फेरीत चक्क पुढे होते. त्याच वेळी ते मॅकनमारा बंधूंचा बचाव करणाऱ्या वकिलांमधेही होते. १९१० साली लॉस एंजेलिस टाइम्सच्या इमारतीत बॉम्बस्फोट होऊन २१ माणसं गेली होती, तो हा खटला. मतदान ५ डिसेंबरला, आणि १ डिसेंबरला दोघा भावांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. ही कबुली ठरतेय हे हॅरिमनना कोणी कळवलंसुद्धा नव्हतं. झालं, निवडणूक हातातून गेली. त्यानंतर त्यांच्या मनाने घेतलं की मतपेटीतून काही होणार नाही, सहकारावर चालणारं एक गाव उभं करून लोकांना प्रत्यक्ष दाखवायचं. माणूस क्षयाने आजारी, वय पन्नाशीच्या पुढे, त्यामुळे थांबायला वेळ नव्हता.

आणि त्या काळात या शहरात पाण्याची हवा काय होती तेही लक्षात घ्या. नोव्हेंबर १९१३ मधे ओवेन्स व्हॅलीतून पावणेचारशे किलोमीटर लांबीचा कालवा लॉस एंजेलिसला पोचला होता. वाळवंटात पाणी आणता येतं, पाणी आलं की जमिनीचं सोनं होतं, ही गोष्ट शहरातला प्रत्येक माणूस डोळ्याने बघत होता. पण त्या कालव्यामागे अख्ख्या महापालिकेची कर्ज काढायची ताकद होती, आणि वसाहतवाल्यांकडे होते सभासदांच्या घरातले साठवलेले डॉलर. हा फरक पुढे फार महागात पडला.

१ मे १९१४ ला वसाहत सुरू झाली. सुरुवातीला आली फक्त पाच कुटुंबं, सोबत थोडी जनावरं. जागा सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या उत्तर पायथ्याशी, बिग रॉक क्रीक नावाच्या ओढ्याच्या बाजूला, पामडेलपासून तीसेक किलोमीटर, उंची साधारण साडेनऊशे मीटर. पाऊस वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर, तोही हिवाळ्यात, म्हणजे शेतीला पाणी जे काय मिळणार ते डोंगरावरच्या पाऊस-बर्फातून ओढ्याने उतरणारं.

आता ही तारीख बघा, कारण माझ्या दृष्टीने अर्धी गोष्ट इथेच आहे. फेब्रुवारी १९१४ मधे लॉस एंजेलिसला प्रचंड पूर आला होता, इतका की त्यानंतर पूर नियंत्रणासाठी काउंटीला वेगळं खातं उभारावं लागलं. तो पाऊस पडला तो याच सॅन गॅब्रिएल डोंगरांवर. बिग रॉक क्रीक म्हणजे त्याच डोंगरांची वाळवंटाकडची बाजू. अशा हिवाळ्यानंतरच्या मे महिन्यात बर्फ वितळत असताना तुम्ही ओढ्याच्या काठावर उभे राहिलात तर काय दिसेल? खळाळतं पाणी. थंडगार, स्वच्छ, दोन्ही काठांनी हिरवळ. वसाहतीच्या जाहिरातींमधून मुबलक पाण्याचं वर्णन झालं ते खोटं बोलायचं म्हणून झालं असं मी मानत नाही, बघणाऱ्यांनी बघितलं तेच लिहिलं. पण कुठलाही अनुभवी सिंचनवाला मे महिन्यात ओढा बघून जमीन घेत नाही, तो ऑगस्टच्या शेवटी येतो, आणि तेही सलग काही वर्षं मोजमाप बघून, त्यातलं सगळ्यात वाईट वर्ष कुठलं ते विचारतो. ओढ्याचं पाणी एप्रिल-मेमधे भरात असतं आणि पिकाची तहान भरात येते जुलै-ऑगस्टमधे, तेव्हा ओढा पार उतरलेला. मधले दोन-तीन महिने सांभाळायचे तर एकच उपाय, वसंतातलं पाणी कुठेतरी साठवून ठेवणं. साठवण नसेल तर तुमचं क्षेत्र ठरतं ते ऑगस्टच्या पाण्यावर, मे महिन्यातलं कितीही असलं तरी.

तरीसुद्धा त्या माणसांनी तीन-साडेतीन वर्षांत जे उभं केलं ते बघून मला आजही त्यांच्याबद्दल आदर वाटतो. पहिल्या उन्हाळ्यात तंबू, मग कच्च्या विटांची घरं. लसूणघास, मका, धान्य, भाजीपाला, नासपती आणि सफरचंदाच्या बागा. गोठा, ससेपालन, आरागिरणी, चुनाभट्टी, कपडे धुण्याची सामाईक सोय, छापखाना. वेस्टर्न कॉम्रेड हे मासिक आणि लॅनो कॉलनिस्ट हे वर्तमानपत्र तिथूनच निघायचं. मुलांसाठी माँटेसरी शाळा होती, कॅलिफोर्नियातल्या अगदी सुरुवातीच्या माँटेसरी शाळांपैकी एक. संध्याकाळी नाच, संगीत, व्याख्यानं, वादसभा. ज्या हॉटेलचे खांब आज दिसतात त्याच्या मोठ्या हॉलमधे हे सगळं चालायचं. सॅक्रामेंटोत नाही, सॅन फ्रान्सिस्कोत नाही, वाळवंटातल्या धुळीत, जिथे रस्ता म्हणजे चाकोरी. पुढे लॉस एंजेलिसमधे आधुनिक घरांसाठी नाव कमावलेले आर्किटेक्ट ग्रेगरी एन हेही लहानपणी काही काळ कुटुंबाबरोबर इथे राहिले होते.

आर्किटेक्टचं निघालंच आहे तर अ‍ॅलिस कॉन्स्टन्स ऑस्टिन यांच्याबद्दल सांगायलाच हवं. त्या स्वतः शिकून आर्किटेक्ट झालेल्या, आणि वसाहतीसाठी त्यांनी दहा हजार वस्तीच्या गोलाकार गावाचा आराखडा केला होता. घरांमधे स्वयंपाकघरच नाही. मध्यवर्ती स्वयंपाकघरातून जेवण जमिनीखालच्या बोगद्यांतून विजेच्या गाड्यांनी घरोघर जाणार, उष्टी भांडी आणि कपडे त्याच वाटेने परत. बाईचं आयुष्य चुलीपुढे जाऊ नये हा त्यामागचा विचार, आणि तो १९१६ च्या आसपास इतक्या ठामपणे कोणी कागदावर मांडावा हे मला फार मोठं वाटतं. गावकऱ्यांना त्या आराखडे आणि मॉडेल घेऊन समजावून सांगायच्या. फक्त सिंचनवाल्याच्या नजरेने बघितलं की छातीत धस्स होतं, कारण दहा हजार माणसांचं गाव ठरतंय त्या जागी, जिथे हजार माणसांचं पाणी नाही.

एक गोष्ट दडवून चालणार नाही. या वसाहतीचं दार फक्त गोऱ्यांना उघडं होतं, त्यांच्याच मासिकात तसं स्पष्ट छापलेलं आहे. समतेचं गाव म्हणायचं आणि दारात कातडीचा रंग बघायचा, याचं समर्थन होत नाही, आणि त्या वेळची पद्धतच तशी होती म्हणून सोडूनही देता येत नाही, कारण त्याच काळात टुलेरी काउंटीत कर्नल अ‍ॅलन अ‍ॅलन्सवर्थ यांनी १९०८ साली कृष्णवर्णीयांचं स्वतःचं गाव उभं केलं होतं, नेमकं दारं बंद होती म्हणून. आणि त्या गावाचंही दुखणं पाणीच निघालं. जमीन विकणाऱ्या कंपनीने कबूल केलेलं पुरेसं पाणी दिलंच नाही.

आता पैशाकडे येतो. लॅनो ही कायद्याने जॉइंट स्टॉक कंपनी होती. प्रत्येक सभासदाने एक डॉलरचा एक असे दोन हजार शेअर्स घ्यायचे, काही रोख आणि उरलेले कामातून वळते करायचे. मॅनेजर असो की गवळी, मजुरी सगळ्यांना सारखी, दिवसाला चार डॉलर. पण ही मजुरी मुख्यतः वहीत जमा व्हायची, हातात रोकड फारशी यायची नाही. गावात पिकलेलं गावातच खाल्लं जात होतं, त्यामुळे बाहेर विकून पैसा येण्याचं प्रमाण कमी. मग मशिनरी, बियाणं, जमिनीचे हप्ते, कोर्टाचे खर्च याला रोकड कुठून? नवीन सभासदाच्या प्रवेशाच्या पैशातून. म्हणजे भरती थांबली की गाडी थांबली. म्हणून जाहिरात जोरात, म्हणून लॉस एंजेलिसमधे ऑफिस, आणि १९१७ पर्यंत वस्ती नऊशे-हजारापर्यंत गेली. बाहेरून बघणाऱ्याला ही भरभराट वाटत होती, पण कुठल्याही वाढत्या वस्तीचं मी पहिल्यांदा हेच बघतो की चालू खर्च कशातून भागतोय, पिकातून की नवीन येणाऱ्यांच्या पैशातून. दुसरं असेल तर लोकसंख्येच्या आकड्यावरून त्या गावाची तब्येत समजत नाही.

आता हिशोब करू, अवघड नाही. एक क्यूसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, पाणी चोवीस तास चाललं तर साधारण दोन एकर-फूट होतं (एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी), महिन्याला साठ. या भागातल्या, म्हणजे मोहावी वाळवंटातल्या, जुलैमधे लसूणघासाला महिन्याला नऊ-दहा इंच पाणी मुळाशी लागतं. पाटातून शेतापर्यंत येताना आणि शेतात मुरण्यात जे जातं ते धरलं तर ओढ्यावरून सोडायला लागतं एकरी सव्वा ते दीड फूट. म्हणजे एक क्यूसेक पाणी भर उन्हाळ्यात चाळीस-पन्नास एकर भिजवणार. हजार माणसं, त्यांची दुभती जनावरं, घोडे, बागा, याला हजार एकर जरी ओलीत धरलं तरी वीसेक क्यूसेक पाणी ऐन ऑगस्टमधे, दिवस-रात्र, खात्रीने हवं. बिग रॉक क्रीक उन्हाळ्यात हे देऊ शकत नाही, कोरड्या वर्षी तर नावच नको. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

शिवाय जमीन. लॅनो बसलंय ते गाळाच्या पंख्यावर, म्हणजे डोंगरातून ओढ्याने हजारो वर्षं आणून टाकलेले गोटे, खडी आणि भरड वाळू. त्या जमिनीवर पाणी मुरण्याची टेस्ट घ्यायची म्हणजे लोखंडी कडं ठोकायचं, आत पाणी भरायचं आणि पातळी किती वेळात उतरते ते बघायचं. तिथे कडं भरून घड्याळाकडे बघेपर्यंत पातळी उतरायला लागलेली दिसते, दुसऱ्यांदा भरावं तर तेही गिळतं. कच्चा पाट अशा जमिनीतून नेला तर शेंड्याच्या शेतापर्यंत पाणी पोचता पोचत नाही. वसाहतवाल्यांना हे कळलं होतं. त्यांनी गोटे आणि चुना वापरून पाट बांधून काढायला घेतले, त्या दगडी पाटाचे तुकडे अजून आहेत. जवळून बघाल तर गोटे नुसते रचलेले नाहीत, सपाट तोंड पाण्याच्या बाजूला येईल असे निवडून बसवलेत. हे काम करणाऱ्यात शिंपी असतील, छापखान्यातले जुळारी असतील, शाळामास्तर असतील, पण हात लावला तो मन लावून. फक्त काम प्रचंड होतं आणि हातात वर्षं कमी होती.

त्यात पंख्याच्या वरच्या टोकाला बसल्यामुळे भूजलही खोल. याच खोऱ्यात खाली लँकेस्टरच्या बाजूला त्या काळात बोअर मारला की पाणी आपोआप वर यायचं अशा विहिरी होत्या. लॅनोला जागेने एकच फायदा दिला, ओढ्याचं पाणी पंपाशिवाय उताराने शेतात नेता येत होतं. ओढा आटला की तो फायदाही गेला.

मग साठवण का नाही केली? प्रयत्न केला ना. बिग रॉक क्रीकवर धरण बांधायचा त्यांचा बेत होता आणि १९१६ च्या सुमाराला राज्याच्या कॉर्पोरेशन कमिशनरनी परवानगी नाकारली, कारण काय तर तुमच्या लोकांकडे लागणारा अनुभव दिसत नाही आणि कदाचित लागणारा पैसाही नाही. यामागे राजकारण होतं असं मानणारे तेव्हाही होते, आजही आहेत, कारण हॅरिमनचे शत्रू मोठे होते, लॉस एंजेलिस टाइम्स तर वसाहतीवर तुटून पडायचा. शत्रुत्व होतं हे मला मान्य आहे. पण तो अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीही परवानगी दिली नसती. डोंगरपायथ्यातून, व्हॅलयर्मो गावाच्या बाजूने सॅन आंद्रियास फॉल्ट जातो, म्हणजे जिच्यावर मोठे भूकंप होतात ती जमिनीतली भेग. खाली वस्ती आहे. तिथलं धरण हे मन लावून शिकलेल्या गवंड्याचं काम नाही. १९२८ मधे लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सेंट फ्रान्सिस धरण फुटून चारशेच्या वर माणसं मेली, आणि ते तर ओवेन्सचा कालवा बांधणाऱ्या मुलहॉलंडने बांधलं होतं.

पण म्हणून धरण अशक्य होतं असंही नाही, आणि हा मुद्दा सहसा कोणी मांडत नाही. लॅनोच्या पश्चिमेला शेजारच्याच लिटलरॉक क्रीकवर १९२४ मधे पन्नासेक मीटर उंचीचं कमानींचं काँक्रीट धरण उभं राहिलं, तेही फॉल्टपासून फार लांब नाही. ते बांधलं दोन इरिगेशन डिस्ट्रिक्टनी मिळून. कॅलिफोर्नियात १८८७ च्या राइट अ‍ॅक्टपासून शेतकऱ्यांना डिस्ट्रिक्ट स्थापन करून जमिनीवर कर बसवता येत होता, त्या कराच्या जोरावर बाँड म्हणजे कर्जरोखे काढता येत होते, इंजिनियर नेमता येत होता. लॅनो ही कंपनी होती, तिला कर बसवायचा अधिकार नाही, बाँड कोण घेणार, आणि शेअर्स विकून धरणाचा पैसा उभा राहायला आणखी हजारो सभासद लागले असते, ज्यांना प्यायला पाणी नव्हतं. लिटलरॉकचं धरणही निर्धोक नव्हतंच, १९९० च्या दशकात ते भूकंपासाठी बळकट करावं लागलं आणि गाळाने त्याची साठवण बरीच खाल्ली. तरी त्याच्यावर त्या भागातल्या नासपतीच्या बागा वाढल्या. पेअरब्लॉसम हे नाव त्याच बागांवरून आलंय.

नासपतीवरून आठवलं, झाडांचं गणितही बघा. नासपतीला धड उत्पन्न यायला पाच-सात वर्षं जातात. वसाहत तिथे जेमतेम साडेतीन वर्षं होती. म्हणजे तहान भागवली, तण काढले, कडाक्याच्या थंडीपासून जपलं, आणि ज्या पिकाला बाहेर बाजार होता, ज्यातून रोकड आली असती, ते पीक हातात यायच्या आधीच माणसं गेली. मला विचाराल तर पहिली पाच वर्षं दोनशे माणसांवर थांबून, लसूणघास कमी करून, बागा मोठ्या होऊ दिल्या असत्या तर हे गाव कदाचित तगलं असतं. पण पैशाची व्यवस्थाच अशी होती की दोनशेवर थांबणं म्हणजे दुसऱ्या दिवशी दिवाळं.

पाण्याच्या हक्काचंही तसंच. कॅलिफोर्नियात काठावरच्या जमिनीचा हक्क आणि आधी वापर केला त्याचा हक्क, दोन्ही एकत्र चालतात. बिग रॉकच्या पाण्यावर आजूबाजूच्या रँचवाल्यांचे दावे आधीपासून होते, आणि वसाहतीचं पाणी वापरणं वाढलं तसे खटले आले. ओढ्यात पाणी दिसतं म्हणजे ते आपलं, असं या राज्यात कधीच नव्हतं. जमीन घेताना त्यासोबत किती पाणी, कुठल्या महिन्यात, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर, हे कागदावर नसेल तर ती जमीन कोरडवाहूच धरायची, तीही अशा ठिकाणी जिथे कोरडवाहू पिकत नाही.

आता भांडणं. सर्वसाधारण सभेत सगळ्यांना मत, त्यामुळे सभा लांबायच्या, ठराव फिरायचे. १९१५ मधे नाराजांचा एक गट झाला, ते गावाबाहेर झुडपांत गुपचूप बैठका घ्यायचे म्हणून त्यांना ब्रश गँग म्हणायचे. आक्षेप काय होते? संचालक मंडळाच्या हातात सगळी सत्ता आहे, हिशोब दाखवत नाहीत, जेवण निकृष्ट आहे, घरं नाहीत. राज्याचे अधिकारी तपासणीला आले तेही तक्रारी झाल्यावर. पण यातले बहुतेक आक्षेप नीट वाचा. जेवण एकसुरी का, तर भाजीपाल्याला पाणी कमी. घरं का नाहीत, तर रोकड नाही. हिशोब का झाकतात, तर हिशोब उघडला तर नवीन सभासद येणार नाही. गावात पाण्याची पाळी चुकायला लागली की आधी पाळी ठरवणाऱ्यावर संशय येतो, मग त्याच्या हेतूवर, मग तत्त्वावर. हे कुठल्याही विचारसरणीच्या गावात होतं, भांडवलशाहीच्या गावात तर आधी होतं. म्हणून समाजवाद फसला याचं उदाहरण म्हणून लॅनो सांगितलं जातं तेव्हा मला राग येतो. बाजूचं उदाहरण घ्या ना. पामडेलच्या जागी आधी पामेंथाल नावाचं गाव होतं, १८८६ मधे नेब्रास्का-इलिनॉयकडून आलेल्या जर्मन आणि स्विस कुटुंबांनी वसवलेलं. प्रत्येकाची खासगी जमीन, चर्चला जाणारी कष्टाळू माणसं, समाजवादाचा स-सुद्धा नाही. १८८० च्या दशकातल्या चांगल्या पावसाच्या वर्षांत आले, १८९० च्या दशकात दुष्काळ पडला, आणि शतक संपता संपता गाव मोडलं, उरलेले लोक रेल्वेच्या जवळ सरकले. ओल्या वर्षांत येणं आणि कोरड्या वर्षांत मोडणं, हा या खोऱ्याचा ठरलेला क्रम आहे, तत्त्वज्ञान कुठलंही असो. इथले मूळ लोक डोंगरपायथ्याच्या झऱ्यांच्या आधाराने, ऋतूप्रमाणे जागा बदलत राहायचे, त्याला कारण होतं.

१९१७ मधे दोन गोष्टी एकत्र आल्या. एप्रिलमधे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तरुण सैन्यात गेले, कारखान्यांत आणि जहाजबांधणीत रोख पगार मिळायला लागला, तेव्हा वहीतल्या चार डॉलरवर कोण थांबणार? आणि धरणाचा मार्ग बंद झाल्यावर हॅरिमन आणि मंडळींनी पाऊस भरपूर असेल अशी जागा शोधली. लुइझियानात लीसव्हिलजवळ स्टेबल्स नावाचं लाकूड कंपनीने जंगल तोडून सोडून दिलेलं गाव होतं, घरं, हॉटेल, आरागिरणी सगळं तयार. ते आणि भोवतालची हजारो एकर जमीन घेऊन १९१७ च्या अखेरीस स्थलांतर सुरू झालं, रेल्वेने यंत्रं, छापखाना, सामान हललं. सगळे गेले नाहीत, बरेच लॉस एंजेलिसला परतले, आणि १९१८ मधे मोहावीतली जागा जवळपास रिकामी झाली. कच्च्या विटांची घरं पावसाने विरघळली, उपयोगी लाकूड-पत्रा लोकांनी नेला, म्हणून आज फक्त गोट्यांचं आणि काँक्रीटचं काम दिसतं.

न्यू लॅनो मात्र तिथे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चाललं, म्हणजे वीसेक वर्षं. त्यांच्यापुढेही पैशाची अडचण होती, भांडणं होती, तिथले मॅनेजर जॉर्ज पिकेट यांच्या कारभारावरून तर जोरात होती, आणि मंदीचा काळ. हॅरिमन तब्येतीमुळे परत आले आणि १९२५ मधे वारले. पण तीच कल्पना, बऱ्याच अंशी तीच माणसं, तोच भांडकुदळपणा, आणि पाणी असलेल्या जागी पाचपट टिकले. भांडणांचं कारण पुढे करणाऱ्यांना मी हेच दाखवतो. गाव नावाने आजही लुइझियानाच्या नकाशावर आहे.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग, म्हणजे आज त्या खोऱ्यात पामडेल-लँकेस्टरसारखी मोठी शहरं कशी टिकलीत. दोन गोष्टींवर. आधी पंप आले आणि भूजल उपसलं. उपसा १९५० च्या दशकात शिगेला गेला, पाण्याची पातळी खाली गेली आणि लँकेस्टर भागात जमीनच सहा फुटांच्या वर खचली. खचलेला चिकणमातीचा थर परत फुगत नाही, ती साठवण कायमची गेली. मग १९७० च्या दशकात उत्तर कॅलिफोर्नियाचं पाणी स्टेट वॉटर प्रोजेक्टच्या कालव्याने आलं. त्याची पूर्व शाखा पेअरब्लॉसमच्या पंपिंग स्टेशनवर दीडशे मीटरच्या वर उचलली जाते आणि बिग रॉक क्रीकच्या खालून सायफनने ओलांडून लॅनोच्या बाजूने पुढे सॅन बर्नार्डिनोकडे जाते. म्हणजे जे पाणी या माणसांना हवं होतं त्याच्या कितीतरी पट पाणी आज त्यांच्या जागेजवळून वाहतं, फक्त ते दुसऱ्या शहरांचं आहे. भूजलावरून १९९९ मधे सुरू झालेला खटला डिसेंबर २०१५ मधे निकाली निघाला, आणि आता खोऱ्यातून वर्षाला सुरक्षितपणे किती काढायचं त्याचा आकडा कोर्टाने बांधून दिलाय, एक लाख दहा हजार एकर-फूट, आणि त्यात प्रत्येकाचा वाटा ठरलेला. त्यामुळे तिकडे स्वस्त जमिनीच्या जाहिराती बघून कोणी घेण्याच्या विचारात असेल, आपल्यातले बरेच जण पामडेलला घर बघतायत म्हणून सांगतो, तर तयार गावातल्या घराचं ठीक आहे, पाणी पुरवठादाराची जबाबदारी. पण मोकळी जमीन, पेअरब्लॉसमच्या पूर्वेला वगैरे, घेताना त्या जमिनीला कोर्टाच्या निकालात पंपिंगचा हक्क आहे का, असला तर किती, आणि जवळच्या बोअरची पाणीपातळी मागच्या दहा-पंधरा वर्षांत कुठून कुठे गेली, हे लेखी घ्या, आणि ती जमीन बघायला सप्टेंबरमधे जा.